गप्प बाळाकडे आधी बघा

जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. मणी तडकले तर वर्षाची कमाई एका रात्रीत जाते, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. अशाच एखाद्या पहाटे सुरगाण्याकडून दोन-अडीच तासांचा रस्ता कापून ॲम्ब्युलन्स येते आणि जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक किलो दोनशे ग्रॅमचं बाळ आमच्या हातात पडतं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, 'श्वासाचा त्रास'. बाळ गार पडलंय हे चिठ्ठीत नसतं. ते हाताला कळतं.

मी नाशिकमध्ये आजारी नवजात बाळांच्या कक्षात काम करते. आमच्या बोलण्यात त्याला एसएनसीयू म्हणतात. नर्सिंगचं जीएनएम किंवा बीएस्सी करून नव्याने रुजू झालेल्या मुली, आणि आता ब्रदर म्हणजे पुरुष नर्सही, पहिल्या दिवशी मॉनिटरकडे बघत उभे राहतात. साहजिक आहे. तिथं आकडे हलतात, दिवे लागतात, आवाज होतो. दिंडोरी रोडवरच्या आरोग्य विद्यापीठाच्या परीक्षेपुरतं सगळं पाठ असतं, पण समोर बाळ आलं की आधी कुठं हात घालायचा ते सुचत नाही. हे त्यांच्यासाठी लिहितेय. ज्यांचं बाळ काचेपलीकडे आहे आणि आत नेमकं काय चाललंय हे ज्यांना कुणी धड सांगितलेलं नाही, त्या घरच्यांनीही वाचावं. औषधाचा डोस डॉक्टर ठरवतात आणि प्रत्येक कक्षाची स्वतःची लेखी पद्धत असते. माझ्या लेखातलं काही त्याच्याशी जुळलं नाही, तर तुमच्या कक्षाचं खरं धरा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मोठं माणूस आजारी पडलं की कुरकुरतं, दोन वर्षांचं मूल रडून घर डोक्यावर घेतं. आजारी नवजात बाळ मात्र बहुतेक वेळा गप्प होतं. खोलीत दहा बाळं असतील आणि नऊ रडत असतील, तर आधी दहाव्याकडे जा.

हात पोटाला, मग तळपायाला

नवजात बाळाचं काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवं. ३६.५ च्या खाली गेलं की थंडी बाधायला लागली असं समजायचं. ३६ च्या खाली प्रकरण गंभीर होत जातं आणि ३२ च्या खाली जिवावरचं असतं. थर्मामीटर घेईपर्यंत हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार लागले तर ते झगडण्याच्या पलीकडे गेलंय, हाक मारायला वेळ लावू नका.

आपल्याला थंडी वाजली की हुडहुडी भरते, अंग थरथरून ऊब तयार करतं. नवजाताला हे जमत नाही. त्याच्या मानेत, खांद्याच्या पात्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी रंगाची वेगळी चरबी असते, ती जाळून ते ऊब मिळवतं. ही चरबी आईच्या पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत भरते. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या पदरी ती फारशी नसतेच. शिवाय जाळायला ऑक्सिजन लागतो, साखर लागते. म्हणून गार पडलेल्या बाळाची शुगर उतरते, ऑक्सिजन कमी पडतो, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि श्वास लागतो. चिठ्ठीतल्या 'श्वासाच्या त्रासा'चं मूळ कधी कधी त्या साडीच्या तुकड्यात असतं.

बाहेरून आलेल्या बाळाच्या चार गोष्टी आम्ही दारातच बघतो. तापमान, ऑक्सिजन, रक्ताभिसरण आणि साखर. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'टॉप्स' म्हणतात. रक्ताभिसरण बघायला छातीच्या मधल्या हाडावर बोटाने पाच सेकंद दाबायचं आणि सोडायचं. पांढरा पडलेला ठिपका तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. साखरेसाठी टाचेच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही, तिथं हाड जवळ असतं. आणि स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवरच्या थेंबाचा आकडा भरवशाचा नसतो. आकडा ४५ मिलीग्रॅमच्या खाली आला तर बाळ कितीही शांत दिसू दे, लगेच सांगायचं. शुगर उतरलेलं बाळ थरथरेलच असं नाही, बऱ्याचदा ते नुसतं झोपलेलं दिसतं.

थरथरीवरून आठवलं. बाळाचा हात थरथरत असेल तर तो हलकेच मुठीत धरा. धरल्यावर थांबली तर ती साधी थरथर. धरूनही झटके चालूच राहिले, नजर एका बाजूला ओढली गेली, तोंड काही चघळल्यासारखं हललं, तर तो फिटचा झटका. शुगर मात्र दोन्ही वेळा तपासायची.

वॉर्मरवर, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या खाटेवर, बाळ ठेवलं म्हणजे आपलं काम झालं, असं नवीन मुलींना वाटतं. वॉर्मर बाळाला ओळखत नाही, तो प्रोबला, म्हणजे तापमान मोजणाऱ्या वायरच्या टोकाला, ओळखतो. पोटाच्या उजव्या बाजूला चिकटवलेला प्रोब सुटला की तो खोलीची हवा मोजतो. यंत्राला वाटतं बाळ गारच आहे आणि ते तापत राहतं. उलट बाळ पालथं असेल आणि प्रोब अंगाखाली दबला, तर तो जास्त गरम वाचतो, यंत्र आच कमी करतं आणि बाळ गार पडतं. दर तासाला प्रोब हाताने चाचपा, आणि काखेतलं तापमान स्वतः घ्या. एसीचा झोत कुठं येतो ते बघा. वजनकाट्यावर कापड टाका, स्टेथोस्कोप आधी तळहातावर चोळा. आंघोळीची घाई तर अजिबात नको. पहिले २४ तास कुठल्याच बाळाला घालायची नाही, आणि आमच्याकडच्या कमी वजनाच्या बाळांना सावरेपर्यंत नाहीच. 'किती दिवस पारोसं ठेवणार गं माझ्या नातवाला?' असं एका आजींनी मला विचारलं होतं. म्हटलं, तुमच्या मांडीवर येईपर्यंत.

कण्हणं

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय वॉर्डच्या दाराबाहेर ठेवा. नवजात बाळ सरळ एका लयीत श्वास घेत नाही. भराभर घेतं, पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा घेतं. मिनिटाला ४० ते ६० ठीक. ६० च्या वर, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, प्रत्येक श्वास सोडताना बारीक 'हं… हं…' येतंय, तर बाळ कष्टात आहे.

या कण्हण्यामागची गंमत मला कुणी सांगितली तेव्हा मी तो आवाज वेगळ्या कानाने ऐकायला लागले. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे आतून ओलसर असतात. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू कशा एकमेकींना चिकटतात, तसे ते श्वास सोडताना चिकटू पाहतात. पूर्ण दिवसांच्या बाळात साबणासारखा एक पदार्थ, सरफॅक्टंट, त्यांना चिकटू देत नाही. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो. मग बाळ काय करतं, तर श्वास सोडताना घसा अर्धवट मिटून घेतं, थोडी हवा आत दाबून धरतं आणि फुगे उघडे ठेवायला बघतं. आपल्याला ऐकू येतं ते कण्हणं. म्हणजे बाळ स्वतःवर स्वतःच उपचार करत असतं, आणि त्यात दमत असतं.

बबल सीपॅप नावाचं श्वासाला आधार देणारं साधन हेच काम बाळाच्या वतीने करतं. नाकातल्या छोट्या नळ्यांतून हवा-ऑक्सिजन जातं आणि परतीच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत साधारण पाच सेंटिमीटर बुडवलेलं असतं. जितकं खोल, तितका दाब. इतकं साधं, आणि म्हणूनच मला ते आवडतं. बुडबुडे थांबले तर कुठंतरी गळती आहे. नळी सुटली असेल, नाकातून सरकली असेल, बाळाचं तोंड उघडं असेल. पण बुडबुडे चालू आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. नाकातल्या नळ्या शेंबडाने बंद झाल्या तरी बाटली आनंदाने बुडबुडत राहते. बाटली बघून झाली की बाळाची छाती बघायचीच. नळ्या नाकाच्या पडद्याला टेकता कामा नयेत, थोडी फट हवी. नाहीतर दोन दिवसांत पडदा लाल होतो आणि चौथ्या दिवशी जखम. पोटात गेलेली हवा बाहेर यावी म्हणून तोंडातून घातलेली नळी उघडी ठेवायची. हे विसरलं की पोट टम्म होतं आणि सगळे भलत्याच शंका काढत बसतात.

श्वास वीस सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा कमी वेळ थांबून ठोके वा सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, खाली आलं, तर त्याला ॲप्निया म्हणायचं. अलार्म वाजला की हात आधी अलार्मच्या बटणाकडे जातो, मी पाहिलंय, माझाही जायचा. हात बाळाकडे जायला हवा. मान फार वाकलीय का बघा, खांद्याखाली कापडाची घडी सरकवा, पाठीवरून हात फिरवा, तळव्याला टिचकी मारा. नाही घेतला श्वास, तर बॅग-मास्क, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. तो कायम बाळाच्या उशाशीच हवा, कपाटात नाही.

आणि ऑक्सिजन हे औषध आहे. मापात द्यायचं. ऑक्सिजनवरच्या कमी दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन आम्ही ९० ते ९५ मध्ये ठेवतो. शंभर दिसलं की नातेवाईक खूश होतात, आम्ही ऑक्सिजन कमी करायला धावतो. जादा ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्यातल्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या बिघडतात आणि बाळ आंधळं होऊ शकतं. १९४०-५० च्या दशकांत श्रीमंत देशांत सढळ हाताने ऑक्सिजन दिलेल्या हजारो मुलांची दृष्टी अशीच गेली, तेव्हा कुठे हे उमगलं. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोंच्या आतल्या बाळाचे डोळे जन्मापासून चार आठवड्यांत तपासून घ्यायचे असतात, अगदी लहानग्यांचे त्याहून आधी. ही तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तोंडीही सांगा. पेठ तालुक्यातल्या पाड्यावर परत गेलेल्या कुटुंबाला ती कांदेलागवडीच्या गडबडीत आठवणार नाही. फोन करून आठवण द्यायला दोन मिनिटं लागतात.

झिरो पॉइंट थ्री सिक्स

बाळाच्या अंगात किलोमागे ८० ते ९० मिली रक्त असतं. आपल्या सुरगाण्याच्या बाळात सगळं मिळून शंभरेक मिली. एक कटिंग चहा. त्यातलं एक मिली तपासणीला काढलं तर मोठ्या माणसाचं पन्नास मिली काढल्यासारखं आहे. म्हणून 'अजून एक सॅम्पल घेऊन ठेवू' हे वाक्य इथं सहज बोलायचं नसतं, आणि काढलेला प्रत्येक थेंब चार्टवर लिहायचा असतो.

सलाईनचंही तसंच. दीड किलोच्या आतल्या बाळाला पहिल्या दिवशी साधारण किलोमागे ८० मिली देतात. १.२ किलोला ९६ मिली, म्हणजे तासाला चार. सिरिंज पंपावर चारच्या जागी चुकून चाळीस पडले तर दिवसभराचं पाणी अडीच तासांत अंगात जाईल. पंप आज्ञाधारक असतो, तो विचारणार नाही.

आता अमिकासिन हे जंतुसंसर्गावरचं इंजेक्शन घ्या. समजा डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलीग्रॅम लिहिलंय, म्हणजे १८ मिलीग्रॅम. या औषधाच्या बाटल्या १००, २५० आणि ५०० मिलीग्रॅमच्या येतात आणि तिन्हींत औषध असतं दोनच मिली. शंभरच्या बाटलीतून १८ मिलीग्रॅम म्हणजे ०.३६ मिली. रोज तेच भरून हाताला ०.३६ ची सवय लागते. मग एके दिवशी स्टोअरमधून २५० ची बाटली येते. तेवढंच भरलं तर ४५ मिलीग्रॅम जातात. ५०० ची असेल तर ९०. हे औषध जादा झालं तर मूत्रपिंडाला आणि कानाला धोका असतो, आणि कान गेले हे कळायला वर्ष-दोन वर्षं जातात. एकदा नाईटला माझ्या हातात अशीच भलती बाटली होती. सोबतच्या सिस्टरने 'ताई, लेबल मोठ्याने वाच ना' म्हटलं म्हणून वाचलो, बाळ आणि मीही. तेव्हापासून मी भरण्याआधी लेबल मोठ्याने वाचते, दुसरीकडून वेगळा हिशेब करून घेते, आणि कागदावर दशांशाच्या आधी शून्य लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. नुसतं '.३६' लिहिलं तर टिंब पुसट झालं की छत्तीस उरतात.

कॅन्युलाची, म्हणजे शिरेत बसवलेल्या सलाईनच्या बारीक नळीची, जागा दर तासाला उघडी करून बघायची. पट्ट्यांनी हात इतका गुंडाळू नका की सूज दिसणारच नाही. कॅल्शियमचं औषध शिरेबाहेर पाझरलं तर तिथली कातडी मरते आणि तो व्रण बाळ जन्मभर वागवतं.

हिरवा चुडा

जंतुसंसर्ग झाला की ताप येतो, हे मोठ्यांचं झालं. नवजात, त्यातून कमी दिवसांचं बाळ, उलट गार पडतं. काल ओढत होतं, आज दूध सोडून देतं. अंग सैल पडतं, कातडीवर संगमरवरासारख्या रेषा उठतात, पोट फुगतं, श्वास मध्येच थांबतो. यातलं एकेक चिन्ह किरकोळ वाटतं. 'बाळ कालच्यासारखं नाही' इतकंच तुम्हाला म्हणता येत असेल, तरी डॉक्टरांना फोन करा. रक्ताच्या रिपोर्टच्या कितीतरी तास आधी हे वाक्य आलेलं असतं, आणि ते बोलणारी बहुतेकदा नर्स किंवा आई असते. नवीन मुली कचरतात, 'सर ओरडले तर?' ओरडू देत.

हे जंतू येतात कुठून? बऱ्याचदा आपल्याच हातांवरून. आत येताना कोपरापर्यंत दोन मिनिटं धुवायचे, दोन बाळांच्या मध्ये हँडरब. अंगठी, घड्याळ, बांगड्या बाहेर. नुकतंच लग्न झालेल्या मुलीला हिरवा चुडा उतरवायला सांगणं जिवावर येतं, तिच्या सासूबाईंचा फोन येतो ते वेगळंच. पण बांगड्यांखालची कातडी धुतलीच जात नाही. आमच्यातल्या एकीने यावर तोडगा काढला, ड्युटीला निघताना चुडा देवघरात ठेवायचा. सासूबाईंची तक्रार मिटली.

दूध आणि कावीळ यांवर थोडक्यात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांना बसतो, त्याआधीच्या बाळाला दूध नळीने. आईचा पिवळा चीक दोन थेंब निघाला तरी फेकायचा नाही, तो त्याच्यासाठी लसच आहे. मध, सोनं उगाळून चाटवणं, गुटी, काहीही नको. नळीतून हिरवट पाणी आलं किंवा पोट ताणलेलं दिसलं तर पुढचं दूध थांबवून डॉक्टरांना बोलवा. कावीळ पहिल्या २४ तासांत दिसली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचली तर ती साधी नाही. निळ्या दिव्याखाली डोळे झाकायचे, लंगोट लहान ठेवायचा, म्हणजे जास्तीत जास्त कातडीला उजेड लागेल. दिव्याखाली कातडीचा रंग फसवतो, त्यामुळे तिथं डोळ्यांवर नाही, रक्ततपासणीवर विसंबायचं. हा दिवा आला कसा, ते मला प्रत्येक बॅचला सांगायला आवडतं. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या हॉस्पिटलात वॉर्ड नावाच्या सिस्टर कमी दिवसांच्या बाळांना उन्हात अंगणात न्यायच्या. एक दिवस त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट, फक्त एक तिकोनी तुकडा गडद पिवळा. चादरीचं टोक तेवढ्यावर आलं होतं. डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९५८ चा. दिसलं होतं ते सिस्टरला. म्हणून घरी कोवळ्या उन्हात ठेवून कावीळ बरी करा असं मात्र नाही. उघडं बाळ गार पडतं, आणि रक्तातला काविळीचा आकडा वाढतच राहिला तर मेंदूला इजा होते.

आईची छाती, नाहीतर बापाची

१९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्यासमोर बाळं जास्त आणि इनक्युबेटर कमी होते. त्यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून बांधली. कांगारू केअर तिथून आली. आधी आपण बाळ स्थिर झाल्यावर देत असू. २०२१ मध्ये पाच देशांतल्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटलही होतं. जन्मानंतर लगेच कांगारू केअर सुरू केलेल्या एक ते १.८ किलोंच्या बाळांमध्ये महिनाभरातले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की लगेच सुरू करा, दिवसातून किमान आठ तास द्या. स्वतःचा श्वास नसलेली, व्हेंटिलेटरवरची किंवा शॉकमधली, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेली, बाळं तेवढी वगळायची.

आमच्याकडे अडचण वेगळीच असते. सिझेरियन झालेली आई तालुक्याच्या दवाखान्यात, बाळ नाशिकला, आणि सोबत बाप. तो दाराशी चप्पल काढून अवघडून उभा. 'सोयर आहे, बाराव्यापर्यंत नको' असं घरून सांगितलेलं. त्याला सांगते, दादा, बाळाला तुमची ऊब लागतेय, सोयर त्याला कळत नाही. हात धुवा, शर्टची बटणं काढा. टोपी-मोजे घातलेलं बाळ उभं, बेडकासारखे पाय करून छातीवर ठेवायचं, मान एका बाजूला वळवलेली, नाक मोकळं, वरून शाल. पाच मिनिटांत बापाचे खांदे खाली येतात. तासाभरात बाळाचे ठोके एका लयीत येतात, हे मॉनिटरवरही दिसतं.

आता हँडओव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या हाती बाळं सोपवणं. रात्री आठला 'चार नंबर ओके आहे' एवढं सांगून निघू नका. 'ओके'मधून पुढच्या सिस्टरला काहीही कळत नाही. सकाळपेक्षा रडणं कमी झालंय का, किती मिली पचलं, लंगोट किती वेळा ओला झाला, कुठल्या हातावरची कॅन्युला किती दिवसांची आहे, आई आज किती वेळ आली, ते सांगा. दोघींनी मिळून प्रोब बघा, पंपाचा आकडा मोठ्याने वाचा. रात्री लिहायचं ते असं लिहा, मी आमच्या नव्या मुलीच्या वहीतून उतरवतेय:

'रात्री २.१०. चार नंबर. पोट कोमट, पाय गार. काखेत ३६.२. प्रोब सुटलेला, पुन्हा लावला. टोपी ओली होती, बदलली. शुगर ५८. डॉक्टरांना सांगितलं. बाबांना उठवून छातीवर दिलं. ३.१०. पाय कोमट. काखेत ३६.७. बाळ रडलं.'